लोकप्रिय गायक घडतो कसा?



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची चाल आपल्या जिल्ह्याला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ती घातली आणि तेथून ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. या व्यासपीठावरून राजकारण, इतिहास, शेती, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर पुष्कळ बोलणे झालेले आहे. त्यामानाने आमचा आजचा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. सिनेमातले गाणे, वरातीत वाजणारे गाणे, इंग्रजीत ज्याला पॉप म्हणतात ते गाणे, आणि ते गाणारा तरुण, यांविषयी आम्ही बोलणार आहोत. पण ज्ञानेश्वरीची ओवी ज्या घरात महिन्यातून एकदा ऐकू येते, त्या घरातले मूल हे गाणे दिवसातून दहा वेळा ऐकते. जी गोष्ट आपल्या मुलांच्या कानांवर इतकी सत्ता चालविते, तिचा विचार शहाण्यासुरत्या माणसांनी करू नये, असे थोडेच आहे?

शिवाय या विषयाचा आपल्या गावाशी जवळचा संबंध आहे. मराठी गाणे गेल्या पंचवीस वर्षांत ज्यांनी साऱ्या देशाला ऐकविले, त्या अजय आणि अतुल गोगावले या भावांच्या बाळपणाचा काही काळ या घोडनदीच्या काठी, म्हणजे शिरुरात गेला. अतुल यांचा जन्म ११ सप्टेंबर १९७४चा, अजय यांचा २१ ऑगस्ट १९७६चा. वडील महसूल खात्यात होते. या खात्यातल्या माणसाचे बिऱ्हाड कसे असते, हे तालुक्याच्या गावातल्या लोकांना सांगावयास नको. बदलीचा कागद आला की ट्रंका बांधावयाच्या आणि पुढचे गाव गाठावयाचे. राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर अशा गावांतून ही मुले वाढली. घरात गाण्याची परंपरा नव्हती. कोणी उस्ताद नव्हता, घराणे नव्हते, आणि गायनशाळेत बसवून रीतसर शिक्षणही झाले नाही.

मग गाणे आले कोठून? आमच्या आजच्या बोलण्याचा सारा रोख या एका प्रश्नावर आहे.

असा प्रश्न आला म्हणजे आपण चटकन "दैवी देणगी" असे म्हणतो आणि मोकळे होतो. देणगी असेलही, आम्ही ती नाकारीत नाही. परंतु देणगी म्हटले की आपल्यावरची जबाबदारी संपते, आणि म्हणूनच तो शब्द आपल्याला इतका आवडतो, असा आमचा संशय आहे. देवाने गळा दिला हे खरे मानले तरी कान कोणी दिले, हात कोणी तयार केले, हे विचारणे उरतेच.

प्रथम कानांचे पाहू. ज्या टापूत ही मुले वाढली, त्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या देण्यास जमतात. शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती आहे. दौंडकडून भीमा ओलांडली की पलीकडे सिद्धटेक आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून दक्षिणेस निघालात की सोलापूरच्या सडकेवर चौफुला लागतो, आणि चौफुल्याची कलाकेंद्रे कोणास ठाऊक नाहीत? त्याच सडकेवरून तुकोबांची पालखी यवत आणि वरवंड असे मुक्काम करीत जाते. खाली जेजुरीला खंडोबा आहे, आणि त्याच्यामुळे या साऱ्या टापूत लग्नानंतर जागरण-गोंधळ घालण्याची रीत आहे. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. मनमाडकडचा आणि सोलापूरकडचा मार्ग तेथे मिळतो, त्यामुळे मुलुखामुलुखाचा माणूस आणि त्याचे गाणे फलाटावर उतरते.

आता या टापूतले आवाज ऐका. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ. गोंधळ्याचे संबळ म्हणजे दोन तोंडांचा जोड, आणि त्यावर पडणारी एक काठी वाकडी. तुणतुण्याला तार एकच, पण तीच सारी रात्र गाणाऱ्याला सुरात धरून ठेवते. हलगीवर एक टिपरू जाड आणि एक काडी बारीक, म्हणून तिचा बोल कडकडतो. लग्नसराईत बँड आणि बेंजो पार्टी. गणपतीत ऑर्केस्ट्रा. यांतला कुठला आवाज या भावांनी कोणत्या दिवशी ऐकला, याची नोंदवही कोणी ठेवलेली नाही आणि आम्हाला तिची गरजही वाटत नाही. मूल हवा कोणत्या दिवशी घेते, असे कोणी विचारतो काय? भजनी मंडळे, गोंधळी आणि गावचे बँड यांच्या सहवासातच त्यांचे संगीत वाढले, एवढे त्यांच्या चरित्रावरून स्वच्छ दिसते. बदलीच्या नोकरीने मुलांचे मित्र वारंवार तुटतात, हे दुःख आहे. पण प्रत्येक गावाची भजनाची चाल निराळी असते, प्रत्येक बँडवाल्याचा हात निराळा असतो, आणि ज्याला कान आहेत त्याला ती बदली पाठशाळाच होते.

आता हातांचे पाहू, आणि येथे आपल्या मनाला टोचणारी गोष्ट येते. या मुलांजवळ वाद्य नव्हते. महसूल खात्यातल्या पगारात दोन मुलांचे वाद्यांचे हट्ट पुरविणे सोपे नव्हते. तेव्हा त्यांनी काय केले? ज्याच्याजवळ वाद्य आहे त्याच्याशी मैत्री केली. पेटी असेल तर पेटीवाल्याशी, ढोलकी असेल तर ढोलकीवाल्याशी. देवळात, शाळेत, बँडवाल्याकडे, जेथे हात लावू देतील तेथे हात लावला. पुढे वडिलांनी कीबोर्ड घेऊन दिला आणि मग मुलांना वेगळे जग सापडले. एकाच पट्टीत सनई, व्हायोलिन, घंटा आणि ढोल सापडला म्हणजे ज्या पोराच्या डोक्यात सारे वाद्यवृंद आधीच वाजत आहेत, त्याचे काय होत असेल याची कल्पना करा. पुढे पुण्यात ऑर्केस्ट्रांना साथ, मग मुंबईत जाहिरातींचे तुकडे, नाटकांचे संगीत, असे पडेल ते काम करीत ते वर आले.

या चरित्राचे खरे मर्म त्या उसन्या पेटीत आहे, असे आम्हाला वाटते. ज्याने आपली पेटी त्या पोरांना वाजवू दिली, त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात आलेले नाही. तो कोणी भजनी बुवा असेल, कोणी बँडमास्तर असेल. "हात लावू नको, भाता फाटेल," असे त्याने म्हटले असते तर? अनेक गावांत अनेक जण असेच म्हणतात, आणि तेथे काय घडावयाचे राहिले हे कधीच कळत नाही.

परदेशातले उदाहरण पाहा. अमेरिकेत एल्विस प्रेस्ली म्हणून एक गायक झाला. त्याचा जन्म १९३५ साली मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो नावाच्या लहानशा गावी, अगदी गरीब घरात झाला. अकराव्या वाढदिवसाला त्याला एक साधी गिटार मिळाली. ती वाजवावी कशी हे त्याच्या काकांनी आणि चर्चमधल्या पाद्र्याने थोडेथोडे दाखविले. पुढे ट्रक चालविण्याची नोकरी करणारा हा मुलगा १९५४ साली मेम्फिसच्या एका लहान ध्वनिमुद्रणगृहात गायला आणि साऱ्या जगाचे गाणे बदलले. आपल्या देशातले उदाहरण हवे तर इळैयाराजांचे घ्या. तामिळनाडूतल्या पन्नैपुरम खेड्यातला हा मुलगा सावत्र भावाच्या फिरत्या गायनमंडळींबरोबर गावोगाव वाजवीत हिंडला, आणि १९७६ साली त्याचा पहिला चित्रपट आला. गोगावले बंधू त्यांना आदर्श मानतात, हा योगायोग नव्हे. टुपेलो, पन्नैपुरम आणि आपले शिरूर यांत भाषेचे, धर्माचे, खंडाचे अंतर आहे. परंतु तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे: देवळातले किंवा चर्चमधले गाणे, एक स्वस्त किंवा उसने वाद्य, आणि हात धरून दाखविणारा एखादा शेजारी.

आता त्यांची चढती कारकीर्द पाहू. मात्र ती पाहताना यशाचे आकडे मोजण्यापेक्षा कोणता आवाज कोठून आला हे ओळखण्याचा प्रयत्न आपण करू. २००१ साली "विश्वविनायक" हा गणपतीच्या स्तुतीचा संग्रह निघाला. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्यासारखे गायक त्यात गायले. अष्टविनायकांच्या प्रदेशात वाढलेल्या मुलांनी आरंभ गणपतीने करावा, हे यथायोग्यच झाले. २००४ साली "अगं बाई अरेच्चा!" आला आणि त्यात खंडोबाचा मल्हारी गर्जला, ते जागरणाचेच वाण होते. २००६ साली "जत्रा" आला, आणि आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायलेले "कोंबडी पळाली" बँडवाल्यांनी उचलले. तीच चाल २०१२ साली "अग्निपथ" या हिंदी चित्रपटात नवी वस्त्रे लेवून साऱ्या हिंदुस्थानात नाचली. "जोगवा" चित्रपटात जोगत्यांचे दुःख होते. त्याच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १ जानेवारी २०१० रोजी "नटरंग" आला आणि ज्या घरांत तमाशाचे नाव काढीत नसत, त्या घरांतल्या मुली शाळेच्या स्नेहसंमेलनात लावणीवर नाचू लागल्या.

आणि मग २९ एप्रिल २०१६ रोजी "सैराट" आला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि जेऊर हे दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मार्गावरचे स्टेशन. मराठी चित्रपटाने १०० कोटी रुपयांच्या वर उत्पन्न मिळविले ते प्रथम याच वेळी. या चित्रपटाच्या गाण्यांसाठी हॉलिवुडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केले गेले. एका बाजूला शेकडो वर्षांची युरोपची व्हायोलिने, दुसऱ्या बाजूला "झिंगाट"मधला गावच्या वरातीचा ठेका, आणि दोन्ही एकाच चित्रपटात, एकाच माणसांच्या हातून! हे पाहून काही विद्वानांना विसंगती वाटली. आम्हाला ती वाटत नाही. वाद्य दिसले की त्याच्याशी मैत्री करावयाची, हीच त्यांची लहानपणची सवय होती. तेव्हा बँडवाल्याची क्लॅरिओनेट होती, आता सबंध वाद्यवृंद होता, एवढाच फरक.

अजय यांच्या गळ्याविषयी दोन शब्द. तो गळा मैफलीत घासून गुळगुळीत केलेला नाही. तो मोकळा आहे, आणि वर चढताना त्यात एक ओरखडा उठतो. भजनी मंडळात टाळ-पखवाजाच्या वर आवाज पोचविणाऱ्या बुवाचा जो उघडा सूर असतो, त्याच्याशी त्याचे नाते आहे. "नटरंग" मधले किंवा "लई भारी" मधले त्यांचे गायन ऐकताना शहरातल्या माणसाला नवे काही ऐकल्यासारखे वाटले. आपल्याला मात्र ते ओळखीचे वाटले. नवे आणि ओळखीचे एकाच वेळी वाटणे, लोकप्रिय गाण्याचे सारे रहस्य आमच्या मते एवढेच आहे.

येथे कोणी उठून म्हणेल, "ही स्तुती पुरे झाली. याच गाण्यांनी आमच्या गावाची झोप उडवली आहे, त्याचे काय?" हा आक्षेप खोटा नाही आणि आम्ही तो टाळणार नाही. ज्या गाण्यांचा जन्म बँडवाल्यांच्या आणि हलगीवाल्यांच्या अंगणात झाला, तीच गाणी आज डॉल्बीच्या भिंतीतून वाजतात आणि बँडवाला घरी बसतो. पंधरा माणसांचा ताफा बोलाविण्यापेक्षा एक टेम्पो आणि एक पोरगा स्वस्त पडतो. २००० सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनी राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरविली आहे. ती वरातीत किती पाळली जाते हे आपणच सांगा. पण यात गाणाऱ्याचा अपराध कोणता? सुपारी देणारे आपण, पैसे मोजणारे आपण. विहिरीचे पाणी गोड लागते म्हणून पीत सुटलो आणि झरा बुजविला, अशी आपली गत झाली आहे. पुढचा गायक ज्या ताफ्यात हात लावून शिकणार, तो ताफाच उरला नाही तर तो शिकणार कोठे?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो दौंड तालुक्यातून आलेल्या श्रोत्यांपुढे विशेष करून ठेवावासा वाटतो. "नटरंग" ची लावणी आपण दिवाणखान्यात बसून ऐकली. चौफुल्याच्या बारीत पिढ्यान् पिढ्या तीच लावणी गाणाऱ्या बायांना आपण दिवाणखान्यात बसविले काय? विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण दूरचे नाही. १९३५ साली जन्मलेल्या या बाईंनी उभा महाराष्ट्र गाजविला, त्यांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस हलाखीचे होते. आता त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देते. एक मुलगा तेच सूर घेऊन मुंबईस जातो आणि कीर्ती मिळवितो, याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु ज्यांच्याकडून ते सूर आले, त्यांची मुलगी आपल्या गावच्या शाळेत जाते तेव्हा तिच्या गळ्याचे कौतुक होते की तिच्या आईच्या धंद्याची कुजबुज होते? या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्याशी द्यावे.

आजच्या मुलांची स्थिती अजय-अतुल यांच्या वेळेहून निराळी आहे. त्या वेळी कानांना दुष्काळ होता. एक कॅसेट पाच घरे फिरत असे. आज खिशातल्या मोबाइलमध्ये जगातले सारे गाणे आहे. शिरूरच्या बाजारात किंवा दौंडच्या फलाटावर उभे राहून पोरगा कोरियातले गाणे ऐकतो, स्वतः गातो आणि क्षणात हजारो लोकांपुढे ठेवतो. कानांची चंगळ झाली. पण हातांचे काय? पेटीचा भाता हातात घेतल्यावाचून सुराचा श्वास कळत नाही. चार माणसांत बसून वाजविल्यावाचून दुसऱ्यासाठी थांबणे कळत नाही. एकट्याने मोबाइलपुढे गाणाऱ्या पोराला पसंतीचे आकडे मिळतात, पण "येथे सूर उतरला बघ" असे सांगणारा बुवा मिळत नाही. पंधरा सेकंदांत मिळालेली कीर्ती पंधरा दिवसांत ओसरते, आणि मग ते पोर आपल्यात काही कमी आहे असे समजून गप्प होते. शाळेतल्या शिक्षकांनी अशी मुले पाहिली असतील.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. आपल्या गावांनी पूर्वी वर्गण्या काढून वाचनालये उभी केली. ज्याला पुस्तक विकत घेणे शक्य नव्हते, त्याने अनामत भरून ते घरी नेले, आणि अशा वाचनालयांतून महाराष्ट्रात किती माणसे शिकली! त्याच धर्तीवर शिरूर आणि दौंड येथे एकेक वाद्यालय का निघू नये? चार पेट्या, दोन तबल्यांचे जोड, ढोलकी, हलगी, संबळ, दोन कीबोर्ड आणि गळ्यात अडकविण्याजोगी एखादी गिटार, एवढ्यावर आरंभ होईल. अनामत ठेवावी आणि मुलाने वाद्य आठ दिवस घरी न्यावे. भाता फाटला तर वर्गणीतून शिवावा. शिकविण्यास ज्यांना काम उरलेले नाही त्या बँडमास्तरांना आणि ढोलकीवाल्यांना बोलवावे, आणि मानधन देऊन बोलवावे, उपकार म्हणून नव्हे. चौफुल्याच्या एखाद्या वृद्ध गायिकेला महिन्यातून एक दिवस गुरू म्हणून खुर्चीवर बसवावे. दौंड आणि शिरूर यांमध्ये भीमा आहे खरी, पण पूलही आहे. एकीकडची वाद्ये दुसरीकडे जाण्यास हरकत नाही. खर्च म्हणाल तर दहा वरातींनी डॉल्बीचा हट्ट सोडला तर त्यातून बरेचसे काम भागावे.

यातून प्रत्येक मूल प्रसिद्ध होईल असे आम्ही सांगत नाही, आणि व्हावे असेही म्हणत नाही. शंभरांत एखादा मुंबईस जाईल. उरलेले येथेच राहतील, दुकान चालवतील, शेती करतील, रेल्वेत नोकरी करतील, आणि रात्री भजनाला बसतील तेव्हा सुरात बसतील. गावाला त्यांचीही तितकीच गरज आहे. कारण तो एखादा जेव्हा लहान असेल, तेव्हा त्याला पेटी उसनी देणारा माणूस या उरलेल्यांतूनच निघावयाचा आहे.

आपण सभेनंतर घरी जाल तेव्हा एवढे करा. माळ्यावर कापडात गुंडाळलेली आजोबांची पेटी असेल तर खाली काढा, तिची धूळ झटका, आणि शेजारच्या कोणत्या पोराचे बोट सारखे टेबलावर वाजत असते ते आठवून पाहा. वाद्यालय निघेल तेव्हा निघेल, तोवर ती पेटी त्याच्या हाती देण्यास कोणाची परवानगी लागत नाही.